खडाच असेल म्हणून सोडून दिलेलं रक्त



आज अशा विषयावर लिहितोय ज्यावर आपल्या कुठल्याच बैठकीत कुणी बोलत नाही. लघवीवर. कुणाला हसू आलं तरी चालेल, पण लेख शेवटपर्यंत वाचा. आमच्या टेंभुर्णीतल्या वस्तीतला एक माणूस या न बोलण्यामुळे गेला, आणि त्याच्या जाण्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. वय साठीच्या पुढे. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले, मधली काही वर्षं वीटभट्टीवर काढली. बिडी पोरवयापासून तोंडात. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन सुरू झालं की ते सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. अक्षरओळख जेमतेम, पण कालच्या दिवशी वाचन कुठे थांबलं होतं हे त्यांना बरोबर आठवायचं.

एका हिवाळ्यात सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बाबू, रातीपासून लघवीला लाल होतंय. पन दुखत नाही काहीच.” मी त्यांना मोटारसायकलवर बसवून एका दवाखान्यात नेलं. तिथे दोन मिनिटांत निकाल लागला, “खडा असेल, पाणी भरपूर प्या.” गोळ्या दिल्या. तीन दिवसांत लघवी साफ झाली. आबा खूश, मीही खूश.

सात-आठ महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी सोनोग्राफी झाली. रिपोर्टात लिहिलं होतं की डाव्या किडनीला सूज आहे, खडा दिसला नाही. आम्हाला सांगण्यात आलं की खडा खाली सरकला असेल, पडून जाईल. रक्त पुन्हा आपोआप थांबलं. कुणीतरी काढा दिला, तो आबांनी महिनाभर घेतला आणि गुण त्या काढ्याला गेला. तिसऱ्या वेळी लघवीतून गांडुळासारख्या लांबट रक्ताच्या गाठी पडल्या आणि कंबर धरली. मग शहर गाठलं. तिथे शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केला आणि डाव्या मूत्रवाहिनीत गाठ निघाली. कॅन्सर. पहिल्या रक्तापासून दीड वर्ष उलटून गेलं होतं. किडनी आणि नळी काढली, पण वर्षाच्या आत आजार फुप्फुसात पोचला. पुढचा वर्षावास आबांनी पाहिला नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. दुसऱ्या खेपेला ती फाईल माझ्या हातात होती. “खडा दिसला नाही” हे वाक्य मी स्वतः वाचलं होतं. खडा नाही तर किडनीला सूज कशाने आली? रक्त कुठून आलं? हे दोन प्रश्न विचारायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. मी ते विचारले नाहीत. जातीच्या उतरंडीवर तासभर बोलू शकणारा मी, टेबलापलीकडच्या माणसासमोर मान डोलावून बाहेर आलो. हा लेख त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे.

हा आजार आहे तरी काय

किडनीत लघवी तयार होते. ती किडनीतल्या नरसाळ्यासारख्या पोकळीत जमा होते, तिथून मूत्रवाहिनी नावाच्या बारीक नळीतून खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत उतरते. या सगळ्या मार्गाला आतून एकाच जातीचं अस्तर असतं. त्या अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा पिशवीत होतो. पिशवीच्या वर, म्हणजे नळीत किंवा किडनीच्या पोकळीत होणारं प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के. म्हणजे आजार दुर्मिळ आहे, हे आधीच मान्य करतो. कुणी घाबरून जाऊ नये. लघवीत रक्त दिसलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. खडा, जंतुसंसर्ग, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ अशी कारणं जास्त सापडतात. बीट खाल्ल्यावर किंवा टीबीची रिफॅम्पिसिन ही गोळी चालू असतानाही लघवी लालसर होते.

पण दुर्मिळ असूनही हा आजार वाईट आहे, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. मूत्राशयाची भिंत जाड असते, मूत्रवाहिनीची पातळ. गाठीला भिंत ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये निदानाच्या वेळी १५ ते २५ टक्के रुग्णांत आजार भिंतीत शिरलेला सापडतो, तर वरच्या मार्गाच्या कॅन्सरमध्ये हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जातं. इथे वेळ हेच औषध आहे. आणि आपल्या माणसाकडे नसतो तो वेळच. एका फेरीला रुग्णाची एक आणि सोबत येणाऱ्याची एक अशा दोन मजुऱ्या बुडतात.

या आजाराचं सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे लघवीतून रक्त. दहातल्या सात-आठ जणांत ते दिसतं. कुशीत दुखणं मात्र पाचातल्या एखाद्यालाच होतं. नेमका इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजार आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असा हिशोब आहे. हातावर पोट असणाऱ्याला तो हिशोब ठेवावाच लागतो, कारण प्रत्येक कुरबुरीसाठी काम सोडलं तर चूल पेटत नाही. पण या आजाराच्या बाबतीत हिशोब उलटा आहे. खडा बहुधा कळा देतो. न दुखता येणारं रक्त जास्त संशयाचं.

दुसरा घोटाळा रक्त थांबण्याचा. गाठीतून रक्त सतत वाहत नाही. दोन दिवस येतं, मग महिनोन् महिने येत नाही. मधल्या काळात जे काही घेतलेलं असतं, गोळी, काढा, अंगारा, त्याला यश मिळतं. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून, कुणी मोठा सांगतो म्हणून खरी मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. “त्या औषधानं थांबलं” हे वाक्यही त्याच कसोटीवर घासून पाहिलं पाहिजे. औषध न घेता थांबलं असतं का? या आजारात बहुतेक वेळा उत्तर असतं, हो.

जे शोधाल तेच सापडेल

आता निदानाकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

सोनोग्राफी स्वस्त आहे, सगळीकडे आहे. ती किडनी दाखवते, पिशवी दाखवते, किडनीची सूज दाखवते. पण मधली लांब, बारीक नळी तिला नीट दिसत नाही. म्हणून “सोनोग्राफी नॉर्मल” याचा अर्थ “काही नाही” असा होत नाही. त्यानंतर आपल्याकडे बहुतेक वेळा होतो तो साधा सीटी स्कॅन, ज्याला केयूबी म्हणतात. शिरेतून औषध न देता काढलेला. खडा शोधायला तो उत्तम. पण अस्तरावरची गाठ शोधायचं ते साधन नव्हे. खडा शोधायला काढलेल्या फोटोत खडा आहे किंवा नाही एवढंच कळतं.

या आजारासाठी लागते ती सीटी युरोग्राफी. त्यात आधी साधे फोटो काढतात, मग शिरेतून डाय देऊन काढतात, आणि मग थोडा वेळ थांबून, ते औषध लघवीसोबत किडनीतून नळीत उतरल्यावर पुन्हा काढतात. नळी आतून भरलेली असताना जिथे औषध पोचत नाही, जिथे कडा तुटलेली दिसते, तिथे गाठ असू शकते. हे औषध देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं लागतं, कारण किडनी कमजोर असेल तर ते त्रासदायक ठरू शकतं. अशा वेळी एमआरआयचा मार्ग असतो. सोबत लघवीतल्या पेशींची तपासणी होते. तिच्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर माहिती पक्की, पण दिसल्या नाहीत म्हणून सुटका नाही. कमी आक्रमक गाठी तिथे हुकतात. मूत्राशयात दुर्बीण घालून तिथे गाठ नाही ना हे पाहतात, कारण वर आणि खाली दोन्हीकडे आजार असू शकतो. गरज पडली तर बारीक दुर्बीण थेट मूत्रवाहिनीत नेऊन तुकडा काढतात. एवढं झाल्यावर निदान पूर्ण होतं.

पुढचे उपचारही या निदानावरच ठरतात. गाठ लहान आणि कमी आक्रमक असेल तर किडनी वाचवून उपचार होऊ शकतो. नाहीतर किडनी, पूर्ण मूत्रवाहिनी आणि पिशवीचा तिला जोडलेला भाग काढावा लागतो. त्यानंतरही मूत्राशयात पुन्हा गाठ होण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून वर्षानुवर्षं दुर्बिणीची तपासणी करत राहावी लागते. “ऑपरेशन झालं, आता काय” म्हणून तपासणी सोडणारे आपल्यात खूप आहेत.

मित्रांनो, समाजशास्त्रात आम्ही शिकलो की प्रश्न कोण विचारतो आणि कोणता विचारतो यावर उत्तर ठरतं. आबांच्या बाबतीत प्रश्न एकच विचारला गेला, खडा आहे का? दुसरा प्रश्न विचारायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. त्या डॉक्टरने जात पाहून हयगय केली असा आरोप मी करणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय बोलणं ही आपली रीत नाही. बाहेर रांग उभी होती आणि आत एकटा माणूस होता. पण एका माणसाला दोन मिनिटं आणि दुसऱ्याला सगळ्या तपासण्या अशी वाटणी ज्या व्यवस्थेने केली, ती व्यवस्था जातीपासून आणि जमिनीच्या मालकीपासून वेगळी काढता येत नाही. भूमिहीन माणूस उशिरा जातो, जवळच्या आणि स्वस्त ठिकाणी जातो, आणि एका उत्तरावर परत येतो.

ज्येष्ठ चित्रपट दिग्दर्शक महेश मांजरेकर यांच्यावर २०२१ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ते लपवलं नाही, उपचार चालू असताना काम केलं आणि नंतर त्याबद्दल उघड बोलले. हे चांगलंच झालं. त्याच अस्तराचा हा आजार आहे. मुंबईच्या माणसाला जे निदान आणि जे उपचार मिळाले, ते जाफराबाद तालुक्यातल्या शेतमजुराला का मिळू नयेत, एवढाच माझा सवाल आहे.

बाईचं रक्त

बायकांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड होते. बाईच्या कपड्याला रक्त लागलं तर ते पाळीचं किंवा पिशवीचं, असं घरात आणि दवाखान्यातही धरलं जातं. लघवीत असेल तर “इन्फेक्शन” म्हणून अँटिबायोटिकची पाच दिवसांची पुडी. ती संपली, रक्त थांबलं, विषय संपला. पुन्हा आलं, पुन्हा पुडी.

याचं टोक आपण मराठवाड्यात पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये चौकशी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. या बायका कुठल्या समाजातल्या होत्या हे मी सांगायला नको. तिथे अवयव काढायला वेळ होता, पैसा उभा राहिला, कर्जही मिळालं. नीट तपासायला मात्र वेळ नव्हता. दोन्ही आजार वेगळे आहेत, पण मागची वृत्ती एकच आहे. गरीब बाईचं रक्त दिसलं की ते कुठून येतंय याचा शोध घ्यायचा नाही, एक ठरलेलं उत्तर द्यायचं.

म्हणून आपल्या ताई-मावश्यांना एक गोष्ट सांगा. रक्त नेमकं लघवीतच आहे का, हे स्वच्छतेनंतर मधल्या धारेची लघवी घेऊन तपासलं की कळतं. आणि पाळी कायमची गेल्यानंतर कुठूनही रक्त आलं, तर त्याचा तपास झालाच पाहिजे. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

बिडी, काढा आणि आपण

या आजाराचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण तंबाखूचा धूर आहे. धुरातली विषारी द्रव्यं रक्तात जातात, किडनी ती गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी अस्तराला तासन् तास लागून राहते. बिडीला पान गुंडाळलंय म्हणून ती औषधी होत नाही. दुसरं कारण कामाच्या जागेचं. रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे जर्मनीतल्या लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्येच दाखवून दिलं होतं. रंग आणि रबर उद्योगातल्या काही रसायनांवर त्यानंतर जगभर शिक्कामोर्तब झालं. कंपनीत जाणाऱ्या आपल्या पोरांनी आपण काय हाताळतो त्या रसायनाचं नाव विचारावं. एखाद्या घराण्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात पिढ्यान् पिढ्या दिसत असेल, तर तेही डॉक्टरला सांगावं.

तिसरं कारण ऐकून अनेकांना राग येईल. जडीबुटी. अरिस्टोलोकिया नावाच्या कुळातल्या वनस्पतींत एक आम्ल असतं, जे किडनी निकामी करतं आणि नेमक्या याच वरच्या मार्गाचा कॅन्सर करतं. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात बायकांना दिलेल्या गोळ्यांत या कुळातली चिनी वनस्पती गेली. अनेकींच्या किडन्या गेल्या. पुढे ज्या ३९ रुग्णांच्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, त्यांतल्या १८ जणांत कॅन्सर सापडला. बाल्कन देशांत गव्हाच्या शेतात याच कुळातलं तण वाढायचं आणि त्याचं बी पिठात जायचं. तिथे पिढ्यान् पिढ्या शेतकरी कुटुंबं या आजाराने पोखरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय.

आपल्या काळ्या रानात उगवणारी किडामारी याच कुळातली आहे. ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात ती वेलही याच कुळातली. जंतावर, तापावर, साप चावल्यावर म्हणून या वनस्पती घरोघर माहीत आहेत. आबांच्या काढ्यात काय होतं मला माहीत नाही, आणि त्यांच्या आजाराचा दोष मी त्या काढ्यावर टाकत नाही. आजार आधीच होता. पण किडामारी पोटात घेऊ नका, एवढं गावोगाव सांगायला हवं. आपल्या लोकांचं वनस्पतींचं ज्ञान मोठं आहे. त्या ज्ञानाचा मान राखायचा म्हणजे त्यातलं विष ओळखायचं नाही, असा होत नाही.

“हे चळवळीचं काम आहे का?”

एका कार्यकर्त्याने मला विचारलं, “दादा, आपण अत्याचाराचे प्रश्न घेऊ की लोकांच्या लघव्या तपासू?” प्रश्न खोचक असला तरी उत्तर द्यायला हवं.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायचं काम प्राध्यापक अदारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचा पाया त्यावर उभा राहिला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले होते. मजुराचं शरीर हा त्यांच्यासाठी राजकारणाचाच विषय होता. तो विमा कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचला. शेताच्या बांधावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात आजही पोचलेला नाही. हे अपुरं काम आपलं नाही तर कुणाचं?

सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करता करता प्राण दिले. भगवान बुद्धांनी स्वतःच्या घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासोबत आपल्या हातांनी धुतलं आणि त्याची विचारपूस न करणाऱ्या संघाला जाब विचारला. लघवी, शौच, रक्त यांना विटाळ मानणारी परंपरा आपली नाही. ती ज्यांची आहे त्यांना लखलाभ असो. मग त्याबद्दल बोलताना आपला आवाज खाली का येतो?

दुसरा आक्षेप शहाण्यांचा असतो. प्रत्येक लाल लघवीला सीटी स्कॅन काढत बसलं तर यंत्रणा कोलमडेल, किरणांचाही त्रास आहे. हे बरोबर आहे आणि मी तशी मागणी करत नाही. विशीतल्या पोराला कळा येऊन खडा सापडला तर तो खडाच आहे. पण वय चाळिशीच्या पुढे, बिडी-सिगारेट ओढलेली, डोळ्यांना दिसलेलं रक्त आणि खडा न सापडलेली सोनोग्राफी, एवढं जुळल्यावर “पडून जाईल” हे उत्तर चालणार नाही. खडा सापडला आणि तो निघूनही गेला, तरी नंतर रक्त पुन्हा दिसलं तर तपास पुढे गेलाच पाहिजे. एकाच माणसात खडा आणि गाठ दोन्ही असू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणूनही रक्ताकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मागायचं काय, करायचं काय

कागदावर आपल्याला बरंच मिळालंय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासण्या आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं मात्र त्या निर्णयाबाहेर राहिली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि औषधोपचार आहेत आणि तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवायचं सरकारने ठरवलं. छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण योजनेचं दार उघडायला आजार सिद्ध करणारे रिपोर्ट लागतात. आजार आहे हे कळेपर्यंतचा रस्ता, सोनोग्राफी, सीटी, दुर्बीण, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, हा बहुतेक वेळा घरातूनच जातो. फुल्यांच्या नावाची योजना निदान झालेल्याला हात देते. निदान होण्याआधीच्या माणसाने काय करायचं?

म्हणून आपली मागणी निदानाची असली पाहिजे. चाळिशीपुढच्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने ते कागदावर लिहून पुढे पाठवावं. जिल्हा रुग्णालयात सीटी युरोग्राफीची तारीख मिळावी, साध्या सीटीवर बोळवण होऊ नये. दुर्बिणीची तपासणी जिथे होत असेल तिथली वेळ रुग्णाला परत पाठवण्याआधी ठरवून द्यावी. संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हटलंय. निवेदनात हे कलम लिहा.

आणि आपण करायचं ते असं. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरं घेतो. त्याच मांडवात एक टेबल लावून साधी लघवी तपासणी ठेवता येते. पट्टी बुडवली की काही मिनिटांत कळतं. पट्टीवर रक्त दिसलं म्हणजे कॅन्सर नव्हे, पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, हेही तिथेच नीट समजावून सांगायचं. शिबिर उठल्यावर ज्यांच्यात रक्त आढळलं त्यांची यादी एका कार्यकर्त्याकडे राहिली पाहिजे, नाहीतर शिबिर फोटोपुरतं उरतं. विहारातल्या फळ्यावर तीन ओळी लिहून ठेवा. लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी दाखवा. थांबलं तरी दाखवा. बिडी सोडा.

दवाखान्यात कुणासोबत जाल तेव्हा नुसती फाईल धरायला जाऊ नका. नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा, “डॉक्टर, खडा नक्की दिसला का? नसेल दिसला तर रक्त कुठून येतंय? वरची नळी तपासली का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी घ्या.

आबांच्या घरी त्यांची फाईल अजून खुंटीला टांगलेली आहे. काकूंना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ती फेकली नाही. कामाचे कागद असतील म्हणतात. त्यातला दुसरा कागद मला पाठ झालाय. परवा वस्तीतल्या एका दादांनी मला थांबवून विचारलं, “दोन दिवस लाल झालं होतं, आता साफ आहे, जाऊ का नको?” मी म्हणालो, “उद्या सकाळी सहाच्या गाडीने जाऊ. मी येतो.” आम्ही गेलो. तपास अजून चालू आहे. काही निघालं नाही तर आनंदच आहे, पण या वेळी प्रश्न अर्ध्यावर सोडणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!